सहा मीटरवरची कुजबुज

१० सप्टेंबर २०२५, बुधवार

फॉर्म भरला! एकदाचा भरला!

जेवणाच्या सुट्टीत, नर्सिंग होमच्या रिसेप्शनवरच्या कॉम्प्युटरवर. माझ्या वॉर्डातली रुचिका शेजारी उभी राहून डब्यातली तांदळाची भाकरी खात होती आणि मी एकेक रकाना भरत होते. नाव अमरीन. वडिलांचं नाव जब्बार. वय चौतीस. बी.एस्सी. नर्सिंग, अनुभव बारा वर्षं. ‘विवाहित की अविवाहित’पाशी माझं बोट जरा थांबलं, तर ही म्हणते, “दाब ना! तिथं कसला इचार करतेस? फौजेला नवरा न्हाय लागत.”

लष्कराची राखीव नर्स! म्हणजे इथली नोकरी सोडायची नाही. वर्षातले काही आठवडे वर्दी घालून ट्रेनिंग, बाकी वर्ष आपला वॉर्ड आपल्याला. पण पूर आला, भूकंप झाला, लढाई लागली, की बोलावणं येणार. आलं की जायचं. कारणं सांगायची नाहीत.

शेवटचं बटण. दाबलं. मग दोघींनी मिळून उरलेली भाकरी संपवली.

११ सप्टेंबर, गुरुवार

अब्बांना सांगितलं.

आमचं घर भिवंडीत टेमघरला, खाली आठ लूम, म्हणजे यंत्रमाग, आणि वर आम्ही. जन्मल्यापासून ह्याच खटखटीत झोपले, अभ्यास केला, पास झाले. खाली लूम चालू असताना तोंडाने बोलून काही उपयोग नसतो. ओठ बघायचे आणि हात बघायचे. आम्ही घरातले सगळे असंच बोलतो, वर आलो तरी. अब्बांना तर आता दुसरं काही उरलेलंच नाही. चाळीस वर्षं लूमवर काढली, कान कधीच गेले. घरात कुणी ‘बहिरे’ म्हणत नाही. ‘अब्बांना जरा समोर येऊन सांग’ एवढंच म्हणतो.

तर मी समोर जाऊन उभी राहिले. ओठ सावकाश हलवले — मी फौजेत अर्ज केलाय. नर्स म्हणून.

त्यांनी नीट पाहिलं. दोनदा पाहिलं. मग चौथ्या लूमवर धागा तुटला होता तो जोडायला वळले.

एक शब्द नाही! ‘हो’ नाही, ‘नाही’ही नाही!

१२ सप्टेंबर, शुक्रवार

लूम बंद. शुक्रवारची शांतता मला सोसत नाही, डोकं रिकामं वाटतं. आठवड्याची माझी सुट्टीही आजच, त्यामुळे दिवसभर घरात.

काल रात्रीपासून एकच आठवतंय. नववीत होते. शाळेत एनसीसी सुरू झाली होती. बुटांचा, बेल्टचा, त्या लाल तुऱ्याच्या टोपीचा नुसता ध्यास लागला होता मला! सहीचा कागद घेऊन खाली गेले. लूम चालू. अब्बांच्या समोर कागद धरला. त्यांनी वाचला. माझ्याकडे पाहिलं. मी वाट पाहिली, पाहिली, आणि मग कागद घडी करून दारातून बाहेर पडले. गप्प म्हणजे नाही, असं धरून चालले. पुन्हा विचारलं नाही.

ह्या खेपेला मी थांबलेली नाही. विचारलंच नाही, सांगितलं. वीस वर्षांनी एवढी अक्कल आली म्हणायची!

१५ सप्टेंबर, सोमवार

रोज पळायचं ठरवलं. रुचिका, तीही लूमच्याच घरातली, स्कूटीवरून शेलारहून येऊन मला रोज ड्युटीला नेतेच; आता ती लवकर येते आणि आम्ही आधी मैदानावर जातो. मी पळते, ती स्कूटीवर बसून मोबाइल बघते आणि मधून मधून ओरडते. तोंड बघून कळतं, “हाल लवकर!”

सकाळी मी जिन्यावरून उतरून तिच्या मागे बसायला गेले तर ही वर गॅलरीकडे बघून हसत होती. मी वळून पाहिलं. अब्बा कठड्याशी उभे, नेहमीसारखा हात वर केला, झालं. “कशाला हसतेस?” म्हटलं. “काय न्हाय.”

२२ सप्टेंबर, सोमवार

आज अडीच किलोमीटर न थांबता! कुत्री मागे लागली होती ते धरलेलं नाही.

२७ सप्टेंबर, शनिवार

इशरत फुफी आली होती. अब्बांची धाकटी बहीण. बातम्या तिच्याकडे वाऱ्यावर जातात. बसायच्या आधीच सुरू. “हे काय खूळ गो बाय? चौतीस वर्षांची घोडी झालीस, आता बंदूक घेशील?”

म्हटलं, फुफी, बंदूक नाही, सुई.

“सुई हितं नाय मिळत? भिवंडीत माणसं आजारी पडायची थांबली?” मग आवाज खाली आणून, म्हणजे ओठ अर्धे मिटून, “आणि तिथं आपल्यातलं कोण असणार गो?”

ह्यावर फरहानच बोलला. माझा धाकटा भाऊ, कधी नव्हे तो मोबाइलमधून डोकं वर काढून म्हणाला, “अमरीन असणार.” मला एवढं बरं वाटलं की त्याला मी कांदे चिरायला लावणार होते ते माफ केलं.

अब्बा समोर बसून चहा पीत होते. सगळ्यांचे ओठ दिसत होते त्यांना. बशी खाली ठेवली आणि खाली गेले.

९ ऑक्टोबर, गुरुवार

आज जे झालं ते लिहून ठेवलंच पाहिजे. स्वतःची पाठ स्वतः थोपटायला ही वही आहे म्हणून!

काल एक लूम कामगार दाखल झाला, महादू. लूमचा लाकडी धोटा उडून थेट तोंडावर बसला होता. जबडा बांधलेला, टाके, ओठ तेवढे जरा हलतात, आवाज फुटत नाही. डॉक्टर मॅडम राउंड घेऊन पुढच्या खाटेकडे गेल्या. मी सलाईन बघत होते. त्याने नुसते ओठ हलवले. छातीत. डाव्या हातात. पाय नाही, जबडा नाही — छातीत!

मी मॅडमना बोलावलं. त्या म्हणाल्या, “त्याला बोलता येत नाही, तुला कोणी सांगितलं?” म्हटलं, त्यानेच. ईसीजी काढला. हार्ट अटॅक. वेळेत गाडीत घालून पुढे पाठवला. आज फोन आला, जगला.

मॅडम सगळ्यांसमोर म्हणाल्या, “अमरीन नसती तर गेला होता.” रुचिकाने टाळ्या वाजवल्या. मला जमीन फुटून पोटात घेईल तर बरं असं झालं, आणि त्याच वेळी अजून दोन माणसांनी ऐकलं असतं तर बरं, असंही!

लूमच्या घरातल्या माणसाला ओठ वाचता येतात, त्यात काय विशेष? पण घरी येताना एक गोष्ट उगाच डोक्यात आली. करोनात, सगळ्यांच्या तोंडावर मास्क होते, तेव्हा मी दिवसभर “काय? काय?” करायची. सगळं जग पुटपुटतंय असं वाटायचं. माझ्यावर मॅडम चिडायच्या.

असू दे. महादू जगला.

२८ ऑक्टोबर, मंगळवार

पत्र आलं! मुलाखत ११ नोव्हेंबरला, पुण्यात. दुसऱ्या दिवशी मेडिकल.

११ नोव्हेंबर, मंगळवार (पुणे)

मुलाखत झाली. तीन जण होते टेबलामागे. मधल्या कर्नल मॅडम, केस पांढरे, इस्त्री अशी की हात लावला तर कापेल. तोंड उघडलं आणि घाबरणं संपलं. रक्तस्राव कसा थांबवाल, चाळीस जखमी आणि दोन नर्स असतील तर आधी कोण, ह्याची उत्तरं मी झोपेतही देईन. आमच्याकडे गोदामाला आग लागली की असंच असतं.

मग मॅडम म्हणाल्या, “घरचे काय म्हणतात?”

“वडील काही म्हणत नाहीत.”

“नाही म्हणत नाहीत, की हो म्हणत नाहीत?”

“दोन्ही, मॅडम.”

तिघेही हसले. मला हसू आलं नाही. शेवटी त्यांनी विचारलं, हे का करायचंय? मी पाठ करून गेले होते ते सगळं उडून गेलं. म्हटलं, “बारा वर्षं मी एका गल्लीच्या कामाची आहे. मला बघायचंय आणखी किती लांबपर्यंत कामाला येते.”

मॅडमनी काहीतरी लिहिलं. चांगलंच असणार! मान इतकी ताठ करून बाहेर आले की दाराला थडकायची राहिले.

१२ नोव्हेंबर, बुधवार (पुणे)

मेडिकलही पास. वजन, उंची, डोळे, दात, रक्तदाब. सगळं ठीक लिहिलंय.

सगळं ठीक नाही.

कानाची तपासणी अशी असते. खोलीच्या ह्या टोकाला आपण पाठ करून उभं राहायचं. त्या टोकाला, सहा मीटरवर, डॉक्टर. एक कान अर्दलीने बोटाने बंद करून धरायचा. डॉक्टर कुजबुजणार, आपण तेच परत म्हणायचं. मग दुसरा कान. मेजर मॅडम होत्या, माझ्याच वयाच्या. अठ्ठावीस. मी म्हटलं अठ्ठावीस. दिल्ली. दिल्ली. शहाण्णव. शहाण्णव. फटाफट!

माझ्या समोर औषधांचं काचेचं कपाट होतं. अर्दली बोटाने माझा डावा कान धरून होता, तेवढ्यात कुणी तरी आत आलं आणि कापसाचा गुंडा घ्यायला कपाटाचं दार उघडलं. आणि आवाज गेला.

एकदम. बटण बंद केल्यासारखा. मी म्हटलं, परत सांगाल? दार लागलं. काच जागेवर आली. काचेत मेजर मॅडमचे ओठ हलले. एकोणसत्तर. मी म्हटलं एकोणसत्तर.

त्यांनी लिहिलं, दोन्ही कान ठीक.

मी ऐकत नव्हते. मी वाचत होते. मला माहीतच नव्हतं! चौतीस वर्षांची नर्स, दुसऱ्यांच्या कानात औषध घालणारी, आणि आपण ऐकतोय की बघतोय हे मला ठाऊक नव्हतं!

रुचिकाला फोन केला. म्हणाली, “पास झालीस ना? मंग मुकाट घरी ये.” एक तासाने तिचाच परत आला. “आमु, अंधारात कुणी तुला हाक मारली तं? लाईट गेली, पेशंट पाठीमागं हाय... तं?”

तेच तर.

१३ नोव्हेंबर, गुरुवार (पुणे)

गेले. सांगितलं.

रात्रभर स्वतःशी वकिली केली होती. महादूला कोणी वाचवला? ओठांनीच ना? बारा वर्षांत कुठे अडलं? हे सगळं खरं आहे. पण तंबूत दिवे नसतील, आणि मागच्या खाटेवरून कुणी हळूच “सिस्टर” म्हणेल, आणि मी शांतपणे इंजेक्शन भरत राहीन. हे चित्र काही केल्या जाईना. लबाडीची वर्दी मला नको. मिळायची तर खरी मिळू दे.

मेजर मॅडम सही करायला बसल्या होत्या. म्हटलं, “मॅडम, काल मी ऐकलं नव्हतं. काचेत तुमचे ओठ दिसत होते.”

त्या उठल्या, मी उभी होते तिथं जाऊन उभ्या राहिल्या, कपाटाकडे बघितलं. मग अर्दलीला सांगून त्याच्यावर हिरवी चादर टाकून घेतली. “पुन्हा उभ्या राहा.”

उजव्या कानाला साडेतीन मीटर. डाव्याला दोन.

पाठ करून उभी होते म्हणून बरं, रडू दिसलं नाही. मग त्यांनी दुर्बीण घालून कानात पाहिलं आणि दचकल्याच. “पडदा दिसतच नाही! काय कोंबून ठेवलंय? आधी हे साफ करून घ्या. त्याच्या मागे काय उरतं ते मग बघू. तीन डिसेंबरला परत या.” कागदावर ‘तात्पुरत्या अपात्र’.

दारापर्यंत गेले तर मागून अर्दली पळत आला. मॅडम बोलावत होत्या. त्यांनी दोनदा हाक मारली होती म्हणे. म्हणाल्या, “पास झालेलं कुणी इथं परत येत नाही. डिसेंबरला नक्की या.”

‘मागे काय उरतं.’ मला माहीत आहे मागे काय असतं. अब्बांच्या कानाच्या मागे जे आहे ते.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

घरी. अब्बांना एवढंच सांगितलं की तारीख पुढे गेली. खोटं नाही. पूर्णही नाही.

खरं सांगू कसं? पोरीचे कान आपल्या लूमनी खाल्ले, हे कळलं तर त्यांचं काय होईल? माझा पाळणाच लूमच्या डोक्यावर टांगलेला होता. लहानपणी ते रोज रात्री वर यायचे, हातात सुताचा मऊ गोळा, त्याचे दोन भाग करायचे आणि माझ्या कानात घालायचे. आधी डावा, मग उजवा. मग डोक्यावर टपली. ती सवय मला अजून आहे. कापूस घातल्याशिवाय झोप येत नाही. एवढं करूनही कान गेले असतील तर त्यांनी तरी आणखी काय करायचं होतं?

नाही सांगायचं. नापास झाले तर म्हणेन, वय जास्त झालं.

१७ नोव्हेंबर, सोमवार

इथल्या कानाच्या डॉक्टरांकडे गेले. पाच दिवस थेंब घालायचे, शनिवारी साफ करतील. कापूस घालणं आजपासून बंद. झोप नाही. खाली लूम, वर मी.

२० नोव्हेंबर, गुरुवार

फुफीचा निरोप, लसणीचं तेल घाल. मी नर्स आहे फुफी!

तरी एकदा वाटलं घालावं. इतकी वाईट अवस्था आहे.

२२ नोव्हेंबर, शनिवार

हसू की रडू!

डॉक्टरांनी खुर्चीत बसवलं, दुर्बीण लावली, चिमटा घातला. उजव्यातून मळ निघाला, काळा, सुपारीएवढा. डाव्यात चिमटा अडकला. ते म्हणाले, हलू नका. ओढलं. ओढत राहिले. आणि बाहेर काय आलं? सुताचा गोळा! मळात मुरलेला, दगड झालेला, आणि आतून हिरवा!

हिरवा! आमच्याकडे सगळं पांढरं सूत असतं. हिरवं फक्त एकदाच आलं होतं, लुंग्यांच्या ऑर्डरसाठी, करोनाच्या आधी. म्हणजे सहा वर्षं तो गोळा माझ्या कानात बसलाय! सकाळी अर्धा काढला असेल, अर्धा आत राहिला, वरून रोज नवा कोंबत गेले. आणि मी पेशंटना सांगते, कानात काही घालू नका! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. भिवंडीशिवाय जगात कुठल्या नर्सला असलं होईल?

मग मशीनवर तपासणी. बंद पेटीत बसवून कानाला हेडफोन लावतात, आवाज आला की बटण दाबायचं. डोळे मिटून बसले, म्हटलं आता वाचायला काही नाही, आता जे आहे ते आहे. टुं. टुं. इतके बारीक आवाज! कुठे तरी लांब कुणी चमचा ठेवावा तसे. दाबत गेले.

डॉक्टरांनी आलेख समोर धरला. एका टोकाला छोटासा खड्डा, तो लूमचा. बाकी सरळ रेघ. म्हणाले, “लूमवर राहणारी माणसं मी रोज बघतो. तुमच्या वयाला त्यांचे कान निम्मे गेलेले असतात. तुमचे राहिलेत. हा कापूस लहानपणापासून घालता?”

“हो. अब्बा घालायचे.”

“मग त्यांनीच वाचवले म्हणायचे. फक्त काढायला विसरू नका!”

रस्त्यावर आले आणि उभीच राहिले. माझ्या चपलांना आवाज आहे! पिशवीला आवाज आहे! रिक्षावाला मागून हॉर्न वाजवत होता आणि मी खुळ्यासारखी हसत होते. “ओ मॅडम, बहिऱ्या का?” म्हणाला. नाही रे बाबा, नाही!

रुमालात बांधून तो हिरवा गोळा घरी आणला.

२३ नोव्हेंबर, रविवार

अब्बांना सगळं सांगितलं. काच, मेजर मॅडम, आलेख, सगळं. डॉक्टर काय म्हणाले तेही. ‘तुम्ही वाचवले’ हे दोनदा सांगितलं, ओठ नीट हलवून. आणि गोळा त्यांच्या तळहातावर ठेवला.

त्यांनी तो उजेडात नेला, नखाने सोडवला, एक धागा ओढून चिमटीत फिरवला.

“साठ नंबरचं,” म्हणाले.

सुताचा नंबर! एवढंच! आणि धागा खिशात घालून खाली गेले. ह्या माणसाचं मी काय करू?

३ डिसेंबर, बुधवार (पुणे)

कपाटावर ती हिरवी चादर अजून तशीच आहे. मेजर मॅडम हसून म्हणाल्या, “तुमच्यानंतर काढलीच नाही.”

डावा कान, सहा मीटर. उजवा, सहा मीटर. पाठ करून उभी होते, डोळे मिटलेले, आणि मागून एवढीशी कुजबुज — “भिवंडी.” मी एवढ्या जोरात भिवंडी म्हटलं की अर्दली दचकला.

पात्र!

१९ डिसेंबर, शुक्रवार

निवड झाली. पत्र आलं. शिक्का, सही, माझं नाव. ३० जानेवारीला पहिल्या शिबिराला हजर व्हायचं.

फरहानने गल्लीभर पेढे वाटले. रुचिकाने नर्सिंग होमच्या फळ्यावर लिहून टाकलं. महादूने कुणाच्या तरी हातून नारळ पाठवला! इशरत फुफी स्वतः आली, माझी दृष्ट काढली आणि म्हणाली, “मी सगळ्यांना सांगितलाय, माझी भाची फौजेत हाय. आता जेवायला घाल.” जणू काय पहिल्या दिवसापासून हीच माझ्या मागे उभी होती! मी जेवायला घातलं. आज सगळ्यांना माफ.

आज मला माझा फार अभिमान वाटतोय. लिहायला लाज कसली? मी खरं बोलून मिळवलीय ही वर्दी.

अब्बांनी पत्र हातात घेतलं. वाचलं. उलटं करून मागची कोरी बाजूही पाहिली. परत दिलं.

मला एक शब्द हवा होता. एकच! फुफी बोलली, गल्ली बोलली, पुण्याच्या कर्नल मॅडम बोलल्या. ज्यांच्यासाठी मी पत्र धावत नेलं तेवढे सोडून सगळे बोलले.

११ जानेवारी २०२६, रविवार

बूट आणले. घरात घालून चालतेय, पायांना सवय व्हावी म्हणून. टाच खरंच वाजते.

अब्बांसाठी आणि खालच्या कामगारांसाठी रबरी बोळे आणले, कानात घालायचे. कामगार हसले. अब्बांनी मुकाट घातले. आता त्यांना काय उपयोग, पण घातले.

२४ जानेवारी, शनिवार

सहा दिवस. नर्सिंग होममध्ये सगळ्यांना सगळं समजावून दिलं. मॅडम म्हणाल्या, “शिबिर करून परत येशील ना गं?” आतापासूनच माझी आठवण येतेय त्यांना. येऊ दे!

रोज सकाळी रुचिका गॅलरीकडे बघून हसते, अजून कारण सांगत नाही. रोज मी वळून बघते, रोज अब्बांचा नुसता हात. लूमच्या आवाजात ते काय बोलणार, आणि बोलणार तरी कशाला? असतो एखाद्याचा स्वभाव. मी तो नाद सोडला.

३० जानेवारी, शुक्रवार

गाडीत बसून लिहितेय. अक्षर हलतंय.

शुक्रवार, त्यामुळे लूम बंद. शुक्रवारी सकाळी मी कधी घराबाहेर पडतच नाही, सुट्टी असते. आज पहिल्यांदा पडले. जिना उतरले, बॅग रुचिकाच्या स्कूटीवर ठेवली. गल्लीत चिटपाखरू नाही, सगळं सामसूम. पाठ घराकडे होती. आणि मागून, वरून आवाज आला. न ऐकणाऱ्या माणसाचा असतो तसा, मोठा, फाटका —

“जा गो, माझी फौजी! अल्लाच्या हवाली!”

मी वळले नाही. वळले असते तर ते गप्प झाले असते.

रुचिका म्हणाली, “आज काय झायला? रडतेस कशाला? फॉर्म भरलास तवापासून अब्बा रोज हाच बोलतान.”

“आणि त्याच्या आधी?”

“आधी ‘जा गो, माझी डाक्टरीण’ बोलायचं. मला समोरून ओठ दिसतान, मला वाटला तुला ठाव हाय.”

नववीत तो एनसीसीचा कागद घडी करून मी अशीच पाठ फिरवून निघाले होते. लूम चालू होते.